कागदाचे हेडफोन

दोन्ही नाणी काट्यावर पडली. म्हणजे नाही.

वन्संनी ती उचलली, अंगठ्यानं पुसली, पुन्हा टाकली. पुन्हा काटा, काटा. आणखी एकदा, तरी तेच. देवाला आम्ही लाकडाच्या तुकड्यांनी कौल लावतो आणि घरच्या गेलेल्या माणसाला दोन नाण्यांनी. एक छापा एक काटा म्हणजे हो. दोन्ही काटे म्हणजे नाही. दोन्ही छापे म्हणजे तो नुसता हसतोय, प्रश्न नीट विचारा. वन्संनी प्रश्न अगदी नीट विचारला होता. नाव, पत्ता, तिथी, कोण विचारतंय, सगळं सांगून.

"तिसऱ्यांदा नाही," गुरुजी म्हणाले. त्यांना दुपारी आणखी एका घरी जायचं होतं आणि त्यांचा झगा आधीच घामानं पाठीला चिकटला होता. "काहीतरी अडलंय त्याचं. काय हवंय ते विचारून घ्या. मी पुढच्या चांगल्या दिवशी येतो."

माझा नवरा चोंग-येन जाऊन वर्ष झालं होतं. सकाळी माशाची पेज आणायला म्हणून स्कूटर काढली आणि गल्लीच्या तोंडाशीच कोसळला. हृदय. वर्षभर त्याचं उदबत्तीच्या राखेचं भांडं बाजूच्या छोट्या टेबलावर होतं, पाहुण्याचं ताट वेगळं मांडावं तसं. वर्षाच्या दिवशी त्यातली चिमूटभर राख पितरांच्या मोठ्या भांड्यात टाकायची आणि त्याचं नाव पितरांच्या पाटीवर चढवायचं, की तो पितरांत गेला आणि आमचं सुतक सुटलं. पण त्याच्या होकाराशिवाय राखेला हात लावायचा नाही.

सासूबाई आतल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. आईनं मुलापुढे उदबत्ती लावायची नसते, म्हणून त्यांना पुढे येता येत नव्हतं. त्यांचं वय नव्वदीला टेकलंय. त्यांची एकच इच्छा होती, आपण जायच्या आत लेक पाटीवर चढावा. नाहीतर आपण वर गेल्यावर तो तिथं नसायचा आणि मग त्याला शोधायचं कुठं, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

आणि मला? मला हे सगळं एकदाचं संपावं असं वाटत होतं. म्हणजे तसं वाटायला हवं असं वाटत होतं. खरं सांगायचं तर वर्षभर मला काहीच वाटलं नव्हतं. अंत्ययात्रेत बायका म्हणाल्या, रुइ-युन किती धीराची. धीर कसला डोंबलाचा. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल कसा आपला राहत नाही, तशी मी सगळीच झाले होते. भात शिजवायचे, कपडे वाळत घालायचे, कुणी बोललं तर उत्तर द्यायचे. त्याच्याशी जे काही बोलायचं ते वन्संच बोलायच्या, माझ्याही वतीनं. त्या त्याची मोठी बहीण, त्यांना ते जमायचं. मी मागे उदबत्ती धरून उभी राहायचे.

गुरुजी गेल्यावर वन्संनी चौकशीच उघडली. अंत्यविधीत आम्ही त्याला कागदाचं घर, गाडी, फोन असं सगळं जाळून पाठवलं होतं.

"घर छोटं पडतंय का रे?" काटा, काटा.

"गाडी नको तसली दिली का?" काटा, काटा.

"बूट? चष्मा? तिकडे कुणी त्रास देतंय का?" सगळ्याला नाही. माझी मुलगी वेई-लान तैपेईहून आली होती, ती भिंतीला टेकून हळूच म्हणाली, "आत्या, बाबांना हेडफोनचं विचार."

एक छापा, एक काटा.

वन्संनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! आपण वायरवाले जाळले ना! फोन दिला नव्या पद्धतीचा, त्याला भोकच नाही. वायर खुपसणार कुठं बिचारा? वर्षभर गाण्यावाचून बसलाय माझा भाऊ!"

"मी तेव्हाच म्हटलं होतं," सासूबाई दारातून म्हणाल्या. त्या काहीही म्हणाल्या नव्हत्या. "त्याला हलकं चालत नाही. ऐकायचं तर चांगलंच, नाहीतर नको. चांगले बघून आण गं, रुइ-युन. बिनवायरचे."

ते खरं होतं. पाणीपुरवठा खात्यातला साधा कारकून, चपला झिजेपर्यंत वापरायचा, पण कानाच्या बाबतीत नवाबच. एक हेडफोन घ्यायला महिना लावायचा. लोकांचे अभिप्राय वाचायचा, दुकानात जाऊन ऐकायचा, घरी येऊन विचार करायचा, पुन्हा जाऊन ऐकायचा. लग्नासाठी मला बघायला आला तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणाला होता. वेई-लान म्हणाली त्याचेच खरे जाळू या का, तर वन्सं ओरडल्या, "बॅटरी फुटून घर पेटवायचंय का?" आणि तसंही महापालिका प्लास्टिक जाळू देत नाही. मेलेल्यांना कागदाचंच पोचतं.

लियाओंचं दुकान देवळामागच्या गल्लीत आहे. कागदाचे बंगले, कागदाच्या गाड्या, कागदाचे नोकर, आणि हल्ली कागदाच्या मसाज खुर्च्याही. लियाओंनी काउंटरवर तीन डब्या मांडल्या. आत पांढऱ्या कागदाचे बोटभर दांडीचे इअरफोन, गुळगुळीत, अगदी हुबेहूब.

"हे सध्या फार जातं, वहिनी. तरुण गेला की हेच."

"आवाज कसा आहे?" मी विचारलं. विचारल्यावर माझं मलाच कळलं की मी चोंग-येनचा प्रश्न विचारला.

लियाओंनी डबी कानाशी नेऊन हलवली. "कागदाचा आवाज कसा असणार? पण तिकडे पोचलं की ज्यावर जसं लिहिलंय तसं होतं. मर्सिडीज लिहिलं तर मर्सिडीज. नुसतं गाडी लिहिलं तर मग काय मिळेल ते बापड्याचं नशीब. मागं एकानं आजोबांना नुसतं 'घर' लिहून पाठवलं, तर आजोबा स्वप्नात येऊन म्हणाले, अरे संडास कुठाय?"

"मग यावर काय लिहू?"

"ते तुम्ही सांगायचं. सगळं स्वच्छ लिहून आणा, मी डोक्यावरून घ्यायचे मोठे बनवून देतो. दांडीवाले त्यांना शोभायचे नाहीत. त्यांना मी बघितलंय ना, बसमध्ये कानावर टोप घालून डोळे मिटून बसायचे. मी नमस्कार केला तरी पत्ता नाही."

म्हणून मग मी खऱ्या दुकानात गेले.

ते दुकान स्टेशनजवळ, दुसऱ्या मजल्यावर. भिंतभर हेडफोन टांगलेले, आणि त्यांच्याखाली खुर्च्यांवर माणसं डोळे मिटून बसलेली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आखूड केसांची एक मुलगी पुढे आली, छातीवर 'काओ' असं नाव लावलेलं.

"कुणासाठी घ्यायचेत, ताई?"

"नवऱ्यासाठी."

"कसा आवाज आवडतो त्यांना? ढोलाचा दणका हवा, की गाणाऱ्याचा गळा पुढे हवा? की सगळं सारखं, जसं रेकॉर्ड झालंय तसं?"

सव्वीस वर्षांचा संसार, आणि मला उत्तर येईना. तो खारट किती खातो ते मला माहीत होतं, कुठल्या कुशीवर झोपतो ते माहीत होतं. कानात काय जातं ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. मग एक आठवलं. एकदा जेवताना तो म्हणाला होता, चांगल्या हेडफोनात बाई ओळ म्हणायच्या आधी श्वास घेते तो ऐकू येतो.

"श्वास ऐकू यायला हवा," मी म्हणाले.

काओचे डोळे एकदम बदलले. "मग ते जाणते आहेत. त्यांनाच घेऊन या ना. डोक्याचा घेर, कानाचा आकार, चष्मा आहे का, सगळ्यानं फरक पडतो. चष्म्याच्या काडीतून आवाज गळतो."

"तो येऊ शकत नाही."

तिनं पुढे विचारलं नाही. एकेक काढून माझ्या डोक्यावर ठेवत गेली. पहिल्यात गाणं गोड होतं पण घट्ट झाकलेलं, रजईआडून आल्यासारखं. ती म्हणाली बिनतारी हेडफोनात फोनकडून आवाज येता येता थोडा दाबला जातो, कुठला फोन नि कुठला हेडफोन यांची जोडी जमायला लागते. दुसऱ्यात ढोल एवढा की दात हलले. चौथा की पाचवा घातला आणि एक म्हातारी बाई आमच्याच बोलीतलं, माझ्या लहानपणीचं गाणं म्हणायला लागली. स्टुलाची कुरकुर ऐकू आली. पेटीवाल्याचं बोट ऐकू आलं. आणि ओळीच्या आधी बाईनं श्वास घेतला, थेट माझ्या कानापाशी. सगळं ऐकू आलं. वाटलं काहीच नाही.

"आता हे बघा," काओनं खुणेनं सांगितलं आणि कडेचं बटण दाबलं.

दुकान गेलं. पंखा गेला, खालची वाहनं गेली, माणसं तोंडं हलवत होती पण त्यांच्यातून काही बाहेर येत नव्हतं. गाणंही थांबलं होतं. नुसती शांतता, जाड आणि मऊ. मला ती ओळखीची वाटली. वर्षभर मी याच्याच आत राहत होते. म्हणजे ही जागा त्याला आधीपासून माहीत होती, रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर तो इथंच येऊन बसायचा, आणि मी बाहेरून जेवायला चल, जेवायला चल म्हणून ओरडत राहायचे. मला त्याचा राग आला. अगदी थोडासा, पायाला मुंग्या आल्यावर पहिली टोचणी लागते ना, तेवढाच. मग तोही गेला.

किती वेळ बसले कुणास ठाऊक. काओनं माझ्या खांद्याला हात लावला.

"आवडले वाटतं?"

"हेच," मी म्हणाले. "पण मी विकत घेणार नाहीये. हे कागदाचे करून घ्यायचेत. कसे असतात ते लिहून देता का?"

तिला अर्थ कळायला क्षणभर लागला. मग तिनं दोन्ही हात जोडून मान लववली आणि टेबलावरचा कागद ओढला. "चार्जिंगचंही लिहा हं, ताई. लोक नेमकं तेच विसरतात. माझ्या मामांना आम्ही टॅब्लेट पाठवला, चार्जरच नाही. आणि बाहेरचा आवाज किती बंद व्हायला हवा?"

"पूर्ण," मी म्हणाले. "अजिबात काही ऐकू यायला नको. त्याला तसंच आवडायचं."

लियाओंनी काम झकास केलं. काळा चमकदार कागद, कानाच्या गाद्यांना आतून कापूस, पट्टी खरोखर मागेपुढे सरकणारी. आतल्या बाजूला बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं: श्वास ऐकू येतो, आवाज जसाच्या तसा, चष्म्यावरून बसतो, चार्जिंग कधी संपत नाही, बाहेरचा आवाज पूर्ण बंद. वर चोंग-येनचं नाव, म्हणजे वाटेत दुसऱ्या कुणी पळवायला नको.

"असे माझ्यासाठीही कुणी जाळले तर बरं," वन्सं म्हणाल्या.

ठरल्या दिवशी गुरुजी आले. वेई-लान आदल्या संध्याकाळच्या गाडीनं परत आली. टेबलावर शिजवलेली कोंबडी, तळलेला मासा, फळं, आणि त्याची पेज. अंगणातल्या लोखंडी बादलीत हेडफोन ठेवले, वर जाळायच्या नोटा रचल्या आणि वेई-लाननं पेटवलं. कापूस शेवटपर्यंत धुमसत राहिला. पूर्ण जळेपर्यंत ढवळायचं नसतं, नाहीतर माल तुटका पोचतो. आम्ही सगळ्या गुमान उभ्या राहिलो. वन्संनी डोळे पुसले. माझे कोरडे होते.

मग आत येऊन वन्संनी नाणी हातात घेतली. नाव, पत्ता, तिथी. "तुला हवं ते पाठवलंय. आता पितरांत जातोस ना?"

छापा, छापा.

"हसतोय!" सासूबाई दारातून म्हणाल्या. "खूश झालाय!"

"खूश असला तरी होकार लागतो," गुरुजी म्हणाले. "पुन्हा विचारा."

छापा, छापा. वन्संनी प्रश्न बदलला, सोपा केला, लहान केला, शेवटी लाडीगोडी लावली. दरवेळी दोन्ही छापे. नकारही देईना. गुरुजींनी अशी तऱ्हा पाहिली नव्हती. ते म्हणाले, याचा अर्थ प्रश्नच पोचत नाहीये.

वेई-लाननं तोंडावर हात धरला. "आत्या," ती म्हणाली, "त्यांना ऐकूच जात नसेल. आपण आवाज बंद करणारे पाठवलेत."

गुरुजी खोकले. मग वन्सं माझ्याकडे वळल्या.

"तू लिहायला सांगितलंस पूर्ण बंद?"

"हो."

"पूर्ण? थोडी फट ठेवून सांगायचं नाही? आता तो तिथं कानात बोळे घालून बसलाय आणि आपण इथं कुणाला विचारतोय, भिंतीला? आणखी जाळायचं तरी काय आता? बटण बंद करायला माणूस पाठवू का कागदाचा?"

"हाक मारा ना कुणीतरी मोठ्यानं!" सासूबाई खुर्चीच्या हातावर मूठ आपटून म्हणाल्या. "उभ्या काय राहिल्यात!"

वन्संनी हाक मारली. शेजारचं कुत्रं भुंकलं एवढी मोठी. छापा, छापा. वेई-लाननं बाबा म्हणून हाक मारली, तिचा आवाज मधेच फुटला. छापा, छापा. गुरुजींनी घंटा वाजवून पाहिली.

"रुइ-युन," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या हाकेला तो जेवायला यायचा. तू मार."

"हाकेला नाही यायचा," मी म्हणाले. "पहिल्या हाकेला तर कधीच नाही."

पण वन्संनी नाणी माझ्या हातात कोंबली. वर्षभरात मी त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. नाव, पत्ता, तिथी काही सुचेना. मी त्याच्या छोट्या टेबलापाशी गेले. फोटोत तो नेहमीसारखा माझ्या जरा पलीकडे बघत होता. आणि तो दुकानातला थोडासा राग परत आला, पण या खेपेला तो थोडासा राहिला नाही.

"चोंग-येन," मी म्हणाले. "काढ ते कानावरून. मी बोलतेय तुझ्याशी. सव्वीस वर्षं मी उठून, आत येऊन, तुझ्या खांद्याला हात लावून तुला जेवायला उठवलं. एकदा तरी हाकेला 'ओ' दिलीस? त्या दिवशी पेज आणतो म्हणालास. मी वाट्या काढून ठेवल्या होत्या. आता मी खांदा कुठून आणू तुझा? तिथं आत छान आहे, ठाऊक आहे मला, मीही बसून आलेय. तू तिथं एकटा बसायचास आणि मी बाहेर. फार राग येतो मला तुझा. ऐकतोयस का? आई थांबल्यात. जायचंय का तुला पितरांत, ते सांग."

माझा आवाज चढला होता. गुरुजी जमिनीकडे बघत होते. मी नाणी टाकली.

एक लगेच आडवं झालं. छापा. दुसरं कडेवर फिरत टेबलाच्या पायापर्यंत गेलं, तिथं अडलं आणि पडलं. काटा.

वन्सं किंचाळल्याच. सासूबाई "आला, आला" म्हणत रडायला लागल्या, आणि वेई-लान त्यांना धरायला धावली. गुरुजींनी चटकन घंटा उचलली, त्यांना मुहूर्त गाठायचा होता. सगळ्यांना केवढं हायसं वाटलं होतं. आणि मी त्या नाण्याकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस माझ्या पहिल्या हाकेला उठला होता. त्यानं ऐकलं होतं. पहिल्या शब्दापासून ऐकत होता, आणि सगळं ऐकून हो म्हणाला, जातो म्हणाला.

गुरुजींनी त्याच्या भांड्यातली राख चिमटीत घेतली.

"थांबा," मी म्हणाले. "मला आणखी एकदा विचारू द्या."

"आता काय विचारायचंय?"

"हेच. पुन्हा. कदाचित नाही म्हणेल."

"होकार आल्यावर परत विचारायचं नसतं, बाई," गुरुजी म्हणाले. रागावून नाही, समजुतीनं. आणि त्यांनी चिमूट पितरांच्या मोठ्या भांड्यावर नेऊन सोडली.

मी वाकून पाहिलं. भांड्यात आजेसासऱ्यांची राख होती, सासऱ्यांची होती, ज्यांची नावंही मला माहीत नाहीत अशा कितीतरी जणांची होती. सगळी एकाच रंगाची. त्याची कुठली ते ओळखू येईना. मी बोट घालून शोधायला लागले तशी वन्संनी माझा हात धरला, आणि मला जे रडू आलं ते काही केल्या थांबेना.